बुरशीनं आंबवलेलं डीडीजीएस: कोंबड्यांना पैसे वसूल, दुभत्या गाईला हिशोब करूनच घाला

डीडीजीएस म्हणजे धान्यातून इथेनॉल काढल्यावर मागं उरणारं वाळवलेलं खाद्य, आणि आता ते बुरशीनं आंबवून पण विकायला आलंय. ज्यांना हे आंबवलेलं नुसतं घ्यावं का नाही एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. कोंबड्या पाळताय, लहान वासरं-करडं सांभाळताय तर घ्या, पैसे वसूल आहेत. दुभत्या गाई-म्हशीला पण चालतं, जनावर आवडीनं खातंय, पण साधं चांगल्या रंगाचं डीडीजीएस तुमच्याकडं मिळत असेल तर किलोमागं चार-पाच रुपये जास्त द्यावेत एवढा फरक मला तरी दुधात दिसला नाही. आणि लॉटचा अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे खराब बुरशीच्या विषाचा, रिपोर्ट दाखवत नसतील तर फुकट दिलं तरी गोठ्यात आणू नका, हे मी ह्याच मालाबद्दल नाही तर कुठल्याही डीडीजीएसबद्दल बोलतोय.

हा माल करणाऱ्या युनिटचं नाव टाकत नाही. छोटं काम आहे, चालवणारी पोरं नवीन आहेत आणि खाली काही तक्रारी पण लिहिणार आहे. शिवाय असा माल हळूहळू अजून लोक काढतील, त्यामुळं माल कसा तपासायचा हे कळलं तर नाव कुठलं का असेना.

आधी डीडीजीएस म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाकडं अजून बरेच लोक त्याला इथेनॉलचा चोथा म्हणून नाक मुरडतात. मक्यात साधारण ७० टक्के स्टार्च असतो. इथेनॉलवाले तो स्टार्च यीस्टला खाऊ घालून त्याचं अल्कोहोल करतात, एक टन मक्यातून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. स्टार्च गेला की मागं जे राहतं, म्हणजे प्रोटीन, तेल, कोंडा, खनिजं, ते सगळं जवळपास तिप्पट घट्ट होतं. मक्यात ८-९ टक्के प्रोटीन असतं, डीडीजीएसमध्ये ते २७ ते ३० वर जातं, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये तर ४० च्या वर. म्हणजे हा चोथा नाही, मोठ्या ताकदीचा माल आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं जे टार्गेट होतं ते २०२५ मध्ये गाठलं, त्यात मक्याचा वाटा मोठा, त्यामुळं हा माल बाजारात बक्कळ आलाय. आपल्याकडं सिल्लोड-कन्नडचा मका तर नावाजलेला आहेच. एक लक्षात ठेवा, हे सगळं धान्यापासून होणाऱ्या इथेनॉलचं चाललंय. साखर कारखान्याच्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीतून जे काळं पाणी निघतं तो वेगळाच प्रकार आहे, त्यातून असलं खाद्य पोत्यात भरून येत नाही. दोन्हीची गल्लत करून लोक उगाच घाबरतात.

पण साध्या डीडीजीएसला दोन-तीन खोडी आहेत आणि ह्या बुरशीच्या मालाचा सगळा दावा त्या खोडींवरच उभा आहे. पहिली खोड म्हणजे लायसिन कमी. लायसिन हा प्रोटीनचा एक घटक, कोंबडीच्या वाढीला आणि अंड्याला लागतोच लागतो. सोयाबीनच्या डीओसीत, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीत, तो २.८ ते ३ टक्क्यांच्या आसपास असतो, मक्याच्या डीडीजीएसमध्ये ०.८ च्या आगंमागं. त्यातही ड्रायरमध्ये माल जास्त तापला की लायसिन साखरेला चिकटून बसतं आणि जनावराच्या अंगी लागत नाही. म्हणून मधाच्या रंगाचं डीडीजीएस चांगलं आणि कॉफीच्या रंगाचं, जळकट वासाचं वाईट, हे डोळ्यानंच ओळखता येतं. दुसरी खोड म्हणजे कोंडा भरपूर. गाय तो पचवते, कोंबडीला तो पचत नाही, तिच्या पोटात ती यंत्रणाच नाही. तिसरी खोड अफ्लाटॉक्सिनची, तिच्याबद्दल खाली नीट लिहितो, कारण सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट तीच आहे.

आता बुरशी काय करते. ती कोंड्यावर वाढते, कोंडा तोडायला स्वतःची एंझाइमं सोडते, झायलनेज, सेल्युलेज, फायटेज अशी, आणि वाढता वाढता स्वतःच्या अंगात चांगल्या दर्जाचं प्रोटीन तयार करते ज्यात लायसिन मक्यापेक्षा बरंच जास्त असतं. फायटेजमुळं धान्यात अडकून बसलेला फॉस्फरस मोकळा होतो. ही काल-परवाची टूम नाही. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात हान्स व्हॅन लीउवेन यांच्या गटानं २००८ च्या आसपास मक्याच्या इथेनॉल प्लांटमधून गाळून उरलेल्या पातळ पाण्यावर राइझोपस बुरशी वाढवून खाद्य करून दाखवलं होतं, त्याला त्यांनी मायकोमील म्हटलं. त्यात खाद्य मिळतं ते मिळतंच, वर ते पाणी एवढं स्वच्छ होतं की प्लांटमध्ये परत वापरता येतं, आटवायला जळण जाळावं लागत नाही. स्वीडनमध्ये बोरास विद्यापीठात न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीवर असंच काम झालंय. आणि इंडोनेशियात तर लोक कित्येक पिढ्यांपासून सोयाबीनवर राइझोपस वाढवून टेम्पे करून खातात, माणसं खातात, तेव्हा बुरशी म्हणलं की विष हे डोक्यातून काढा. विषारी बुरशी वेगळी आणि ही वेगळी.

मी माल घ्यायच्या आधी युनिटवर जाऊन आलो. आमच्या वहिनी पण सोबत होत्या, कोंबड्यांचं सगळं त्याच बघतात आणि त्यांना पटल्याशिवाय घरात नवं खाद्य येत नाही. युनिट म्हणजे एक पत्र्याचं शेड, आत दोन बंद खोल्या, बाहेर बॉयलर. परभणीला कृषी शिकलेला एक पोरगा सगळं दाखवत होता. ते लोक प्लांटमधून वाळवलेला माल घेतच नाहीत, ओला केक आणतात, ज्याच्यात दोन तृतीयांश पाणी असतं. ही गोष्ट मला फार आवडली कारण वाळवण्यातच जळण जातं आणि वाळवण्यातच लायसिन जळतं. पण ओला माल आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबट होऊन वास मारायला लागतो, म्हणून ट्रॅक्टर आला की लगेच काम चालू. केक दाबून, थोडा कोंडा मिसळून पाणी कमी करायचं, वाफ द्यायची, थंड करायचा, मग बुरशीचं बियाणं म्हणजे पांढरट-करडी पावडर कालवायची आणि ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा थर लावायचा. जास्त जाड लावला तर बुरशी वाढताना एवढी गरमी होते की मधला माल शिजून बुरशीच मरते. म्हणून खोलीत हवा खेळती पाहिजे, ३० अंशाच्या आसपास तापमान पाहिजे आणि आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ असताना ते ठेवणं सोपं नाही, कूलर-फॅन सगळं लावलेलं होतं.

दीड-दोन दिवसांचा ट्रे त्यानं बाहेर काढला आणि म्हणाला, "मामा, हात लावून बगा." वर पांढरी लव दाट पसरलेली, सगळा भुगा एकमेकाला धरून ढोकळ्याच्या वडीसारखा थर झालेला, काठ धरून उचलला तर अख्खा उचलला गेला. हाताला गरम लागत होता. वास अळंबीचा, थोडा ताज्या पावाचा, आंबट अजिबात नाही. वहिनींनी एक तुकडा मोडून आत बघितलं, आत पण पांढरे धागे होते, मग विचारलं, "अन् हिरवं आलं तर?" तो म्हणाला, "काकू, हिरवं, पिवळं, काळं दिसलं की अख्खा ट्रे बाहेर, खतात." त्या दिवशीचे दोन ट्रे बाहेर काढून ठेवलेले पण होते, त्यातल्या एकाच्या कोपऱ्याला हिरवट डाग होता. ते ट्रे त्यानं लपवले नाहीत, ह्याचा मला भरवसा वाटला.

नंतर वड्या फोडून कमी तापमानाला वाळवतात, ओल १० ते १२ टक्क्यांवर आणतात आणि दळतात. एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. लेबलवर प्रोटीन साध्या मालापेक्षा वाढलेलं दिसतं, ते सगळं नवीन तयार झालेलं का? त्यानं खरं सांगितलं. बुरशी वाढताना मालातलं काही खाते आणि ते कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं, वजन घटतं, त्यामुळं उरलेल्यात प्रोटीनचा टक्का आपोआप चढतो. म्हणजे वाढलेल्या टक्क्यातला बराचसा भाग नुसता घट्ट झाल्याचा असतो. खरी कमाई प्रोटीनच्या दर्जात आणि पचण्यात आहे. त्यामुळं कोणी लेबलवरचा प्रोटीनचा आकडा दाखवून जास्त भाव मागत असेल तर त्याला लायसिनचा आकडा विचारा. लायसिनचा आकडा नसेल तर ते जास्तीचे पैसे कशाचे?

आता कोंबड्या. वहिनींकडं गिरिराज आहेत आणि थोड्या गावरान. साधं डीडीजीएस आधी घालून बघितलं होतं तेव्हा विष्ठा पातळ, खाली भुसा ओला, शेडमध्ये नाक धरावं एवढा अमोनिया व्हायचा. पोल्ट्रीवाले साधारण ५ ते १० टक्क्यांच्या पुढं डीडीजीएस घालत नाहीत, ब्रॉयलरला तर अजून जपून, ते ह्याच कारणानं. हे आंबवलेलं १० टक्क्यांवर चालू केलं, मग हळूहळू १५ वर नेलं, मक्याचा भरडा तसाच ठेवला, डीओसी थोडी कमी केली. भुसा कोरडा राहिला. हे मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण भुसा कोरडा म्हणजे कोंबडीचे पाय चांगले, श्वास चांगला, रोग कमी, पावसाळ्यात तर हेच अर्धं काम असतं. अंड्यावर उतार आला नाही. वाढ झाली असं मी म्हणणार नाही कारण त्याच दिवसांत दिवस मोठा होत होता आणि दिवस मोठा झाला की कोंबडी तशीही जास्त अंडी देते. पण डीओसी कमी करूनसुद्धा अंडं टिकलं, म्हणजे खाद्याचा खर्च उतरला, म्हणजे फायदाच की. वहिनींचं म्हणणं की पिल्लं पण पहिल्यापेक्षा सारखी एका मापाची वाढली, त्या रोज बघतात, त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

गाईंचं गणित वेगळं आहे आणि हे कोणी सांगत नाही, विकणारा तर नाहीच सांगणार. गाईच्या कोठीपोटात आधीच अब्जावधी जिवाणू असतात, बुरश्या पण असतात. कोंडा तोडायचं, नवं प्रोटीन बनवायचं जे काम ट्रेमधली बुरशी करते तेच काम गाय स्वतःच्या पोटात फुकट करते. त्यामुळं लायसिन वाढलं, कोंडा मऊ झाला ह्याचा फायदा गाईला थोडाच. उलट साध्या डीडीजीएसमधलं बरंचसं प्रोटीन कोठीपोटात न फुटता पुढं आतड्यात जातं, जास्त दुधाच्या गाईला तेच पाहिजे असतं, आणि आंबवलेल्यात त्यातलं काही आधीच फुटलेलं असतं. आमच्या एचएफ (होल्स्टीन) गाईंना आंबोणात सरकी ढेप कमी करून हे घातलं. पहिल्या दिवसापासून गव्हाण चाटून साफ. वास त्यांना आवडतो ह्यात शंका नाही. दूध आहे तेवढंच राहिलं, एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घट्ट भागाला, काही झालं नाही. फॅट मात्र जास्त घातल्यावर दोन-तीन पॉइंट उतरला, कमी केल्यावर परत जागेवर आला. ह्याचं कारण मक्याचं तेल. डीडीजीएसमध्ये ८ ते १० टक्के तेल असू शकतं, त्या तेलानं कोठीपोटातलं काम बिघडतं आणि फॅट पडतो. हे साध्या मालात पण होतं, बुरशीचा दोष नाही, पण ३.५ फॅट अन् ८.५ एसएनएफच्या खाली गेलं की डेअरीवर दर कसा कापतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गाईला घालताना कडबा-वैरण भरपूर ठेवा आणि हे मोजूनच घाला. तेल काढलेल्या डीडीजीएसचा माल मिळाला तर गाईसाठी तोच बरा.

देवणी जोडीला आणि उस्मानाबादी शेळ्यांना काही वेगळं जाणवलं नाही, खातात एवढंच. पण वासरं आणि करडं ह्यांना मी देत राहणार. तीनेक महिन्यांपर्यंत वासराचं कोठीपोट पूर्ण तयार झालेलं नसतं, तोपर्यंत त्याचं पचन बरंचसं कोंबडीच्या बाजूचं असतं, तिथं लायसिन आणि आधीच मऊ झालेला कोंडा कामाला येतो. आमची एक कालवड पेंडीला तोंडच लावत नव्हती, हे मूठभर भरड्यात मिसळल्यावर खायला लागली. वाटलं तर वासाचं काम म्हणा, पण लवकर खायला लागली म्हणजे कोठीपोट लवकर तयार होतं, तोच फायदा.

आता अफ्लाटॉक्सिन. हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. मका भिजला, नीट वाळला नाही की त्याच्यावर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन सोडते. इथेनॉल करताना स्टार्च जातो, यीस्टनं हे विष मरत नाही, आटवताना उडत नाही, म्हणजे प्रोटीन जसं तिप्पट घट्ट होतं तसंच हे विष पण साधारण तिप्पट घट्ट होतं. इथेनॉल प्लांटला खराब मका स्वस्तात मिळाला तर तो घेणारच, मोटारीला कुठं लिव्हर असतं, पण त्याचा चोथा आपल्या गाईच्या तोंडात येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, धाराशिव-बीड-लातूर-नांदेड सगळीकडं पिकं पाण्यात उभी होती, त्यानंतर निघालेल्या मालाबद्दल तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पशुखाद्याच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोमागं २० मायक्रोग्रॅम, आहे. गाईनं खाल्लेल्या बी-१ चा काही टक्के भाग एम-१ होऊन दुधात उतरतो, दूध उकळलं तरी जात नाही, आणि दुधातली मर्यादा किलोमागं ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ते दूध आपलीच नातवंडं पितात.

मग बुरशीनं आंबवल्यावर हे विष जातं का? विकणारी बरीच मंडळी छातीठोक हो म्हणतील. प्रयोगशाळेत काही बुरश्यांनी अफ्लाटॉक्सिन कमी केल्याचं दिसलंय, राइझोपस त्यातली एक आहे, पण प्रयोगशाळेत कमी होणं आणि आपल्या पोत्यात कमी असणं ह्यात फार अंतर आहे. माल खराब आला तर आंबवून तो चांगला होतो असं समजून कोणी चालू नये. ह्या युनिटच्या पोरानं पण तसा दावा केला नाही, तो म्हणाला, "आम्ही आलेला केक आधी तपासतो आणि तयार माल परत तपासतो." पहिल्या दोन लॉटचे रिपोर्ट मी मागितल्यावर दाखवले, दोन्ही मर्यादेच्या बरेच आत होते. तिसऱ्या वेळेला मात्र "रिपोर्ट यायचाय, माल न्या" असं झालं. मी नेला नाही, रिपोर्ट आल्यावर नेला. तुम्ही पण तसंच करा, त्यात भांडण नाही, त्यांना पण कळतं की गिऱ्हाईक विचारतंय.

आणखी एक तपासणी घरच्या घरी करता येते आणि सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या भागात तिला काही खर्च नाही. प्रोटीनचा टेस्ट नायट्रोजन मोजतो, त्यामुळं युरिया मिसळला की टक्का फुगतो. आंबवलेल्या मालात तर अजून एक वाट आहे, बुरशीला नायट्रोजन मिळावा म्हणून काही जण आंबवतानाच युरिया किंवा अमोनियम सल्फेट घालतात, ते सगळं बुरशीनं वापरलं नाही तर मालात उरतं. मोठ्या गाईला थोडा युरिया चालतो, कोंबडीला आणि लहान वासराला नाही. तर दोन काचेच्या बाटल्या घ्या, दोन्हीत दोन-दोन चमचे खाद्य आणि कोमट पाणी. एका बाटलीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाका, भाजलेलं किंवा डीओसी चालत नाही, कच्चंच पाहिजे, कारण कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज एंझाइम युरिया फोडून अमोनिया करतं. झाकण लावून अर्धा तास ठेवा आणि उघडून वास घ्या. सोयाबीनच्या बाटलीत नाकात झणझणीत अमोनिया आला आणि दुसऱ्या बाटलीत नाही, तर युरिया आहे. दोन बाटल्या ह्यासाठी की आंबवलेल्या मालाला स्वतःचा थोडा वास असतो, नुसती एक बाटली हुंगून उगाच कोणावर आळ यायला नको. ह्या मालाचा निकाल स्वच्छ आला. ह्याच पद्धतीनं मी बाजारातली एक गोळी पेंड पण बघितली, तिचं झाकण उघडल्यावर डोळ्यातून पाणी आलं. ती बंद केली.

तक्रारी आता. पोतं साधं विणलेलं प्लास्टिकचं आहे, आत पातळ पिशवीचं अस्तर नाही. एवढी मेहनत करून माल १० टक्के ओलीवर आणायचा आणि पावसाळ्यात असल्या पोत्यात भरायचा म्हणजे हवा ओल पीतच राहणार. आमच्या एका पोत्याच्या तळाला गाठी झाल्या आणि त्यात हिरवा ठिपका दिसला. फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी पोतं बदलून दिलं, कुरकुर केली नाही, हे त्यांचं चांगलं. पण सगळे शेतकरी गाठ फोडून बघत नाहीत, कोणी तसंच घालणार आणि जनावर आजारी पडलं तर नाव बुरशीच्या खाद्याचं खराब होणार. अस्तर लावा, पाच-सात रुपये वाढले तर आम्ही देऊ. दुसरं, लेबलवर प्रोटीन, फॅट, फायबर आहे पण लायसिन नाही, अफ्लाटॉक्सिन नाही, आंबवल्याची तारीख नाही, आणि गंधक नाही. इथेनॉल प्लांटमध्ये सल्फ्युरिक अॅसिड वापरतात, ते जास्त झालं की मालात गंधक चढतं आणि जास्त गंधकानं गाई-बैलांच्या मेंदूवर परिणाम होतो, आंधळ्यागत चालतात, डोकं भिंतीला लावतात. ज्यांच्या बोअरच्या पाण्यात पण गंधक आहे त्यांनी तर हे विचारायलाच पाहिजे. डिलिव्हरी बेभरवशाची, प्लांट बंद असला की ओला केक मिळत नाही आणि मग महिना-महिना माल नाही. खाद्य असं अचानक तुटलं की कोंबडी अंडं सोडते, म्हणून मी पंधरा दिवसांचा साठा फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो.

एक विषय टाळता येत नाही. आम्ही सोयाबीनवाले लोक. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता आणि हंगामात अडतीवर भाव त्याच्या बराच खाली होता, लातूरच्या मोंढ्यात ज्यानं माल घातला त्याला सांगायला नको. डीओसीची मागणी कमी व्हायला स्वस्त डीडीजीएस हे एक कारण आहे, आणि आता बुरशीनं त्यातली लायसिनची उणीव पण भरून निघाली तर पोल्ट्रीवाला डीओसी अजून कमी घेणार. म्हणजे माझ्याच गोठ्यात स्वस्त होणारं खाद्य माझ्याच रानातल्या सोयाबीनचा भाव पाडतंय. आमच्या आबांनी हा माल उतरवताना हेच विचारलं, "हे आपल्याच पोटावर पाय नाही का?" ह्याला माझ्याकडं उत्तर एवढंच आहे की हे तंत्र फक्त मक्यापुरतं नाही. टेम्पेसाठी राइझोपस सोयाबीनवरच वाढवतात, डीओसी आंबवली तर तिच्यातले लहान पिल्लांना आणि वासरांना न पचणारे घटक कमी होतात, हे पण जगभर चालतं. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, त्यांनी हे मनावर घ्यावं, शेतकरी कंपन्यांना बुरशीचं खात्रीचं बियाणं द्यावं आणि तपासणी जिल्ह्यातच स्वस्तात व्हावी. इथेनॉलचा फायदा प्लांटवाल्याला, चोथ्याचा फायदा व्यापाऱ्याला आणि पडलेला भाव आम्हाला, असं किती दिवस चालायचं. आमच्या गटात ह्यावर बोलणं चालू आहे, अजून काही ठरलं नाही.

घरी स्वतः करू का असं विचारणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, करू नका. पातेल्यात बियाणं टाकून गोणपाट झाकलं की झालं असलं हे काम नाही. वाफ नीट लागली नाही, तापमान हललं, की कुठली बुरशी आली हे डोळ्याला कळत नाही. जपानी लोक सोया सॉससाठी जे कोजी नावाचं आंबवण करतात त्यातली अस्परजिलस ओरायझी विष करत नाही आणि तिची सख्खी चुलत बहीण फ्लेव्हस विष करते, कोवळी असताना दोन्ही पांढऱ्याच दिसतात.

चालू करताना एकदम घालू नका, आठवडाभर थोडं थोडं वाढवा. कोंबडीला १० टक्क्यांनी सुरुवात, गाईला एकूण आंबोणाच्या पाव भागाच्या वर नको, गाभण शेळीला मी देत नाही, त्यावर खात्री वाटेपर्यंत थांबलोय. पोतं उघडल्यावर हात आतपर्यंत घालून तळाचा माल काढून बघा, गाठ आहे का, वास अळंबीचा आहे का कुबट. कुबट आला तर परत करा. आमच्याकडं पुढच्या लॉटची ऑर्डर दिलीय, कोंबड्या आणि वासरांपुरती, गाईंना सध्या सरकी ढेप आणि साधं डीडीजीएस चालू आहे.